आडवाट, चाकोरी आणि जेवणा हात

इंग्रजीत ज्याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्हाला पडला तो कोणत्याही परिभाषा-समितीच्या बैठकीत नव्हे, तर सुरतेच्या गोडादरा भागातील एका चहाच्या टपरीवर. पहाटेचे पाच वाजले होते. माघातली थंडी होती. आमच्या दोन गाड्या, एक जुनी जिप्सी आणि एक नवी थार, टपरीसमोर उभ्या होत्या. त्यांच्या पाठीवर दोरखंड, फावडे, पाण्याचे डबे आणि नानांच्या घरून आलेल्या कळण्याच्या भाकरी व ठेचा यांचे गाठोडे बांधलेले होते. दिवसभरात डांग पार करून महाराष्ट्राच्या सीमेवरील एका खडकाळ डोंगरवाटेने गाड्या वर न्यायच्या आणि साल्हेरचा किल्ला समोर दिसेल अशा ठिकाणी भाकरी सोडायची, असा बेत होता.

आम्ही राहणार नंदुरबार जिल्ह्यातले. आदल्या संध्याकाळी भुसावळकडून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने निघून उधन्याला उतरलो. वाटेत नवापूरचे स्थानक लागले. सीमेची रेषा ज्याच्या फलाटावरून जाते, ज्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, आणि जिथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत सूचना ऐकू येतात, ते हे स्थानक. तिथून गाडी पुढे सरकली की माणसे तीच राहतात, गाठोडी तीच राहतात, पाट्यांची लिपी तेवढी बदलते. आप्पा आणि नाना हे आमचे शाळासोबती याच गाडीने पस्तीस वर्षांपूर्वी सुरतेला गेले आणि तिथलेच झाले. एकाने यंत्रमागावर काम करून पुढे भरतकामाची यंत्रे घेतली. दुसऱ्याने साड्यांच्या वाहतुकीत जम बसवला. खानदेशातून गेलेल्या अशा हजारो कुटुंबांनी उधना, लिंबायत, गोडादरा हे भाग भरले आहेत. श्रावणात तिथे कानबाई बसते आणि गल्लीत उभे राहिले तर अहिराणी कानावर पडल्यावाचून राहत नाही.

आमच्या तांड्यात आणखी दोघे होते. एक आप्पांचे शेजारी. ते मूळचे सुरती, मातृभाषा गुजराती. सगळे त्यांना भाई म्हणतात. दुसरा आप्पांचा बावीस वर्षांचा मुलगा. जन्म गोडादऱ्यातला, शिक्षण इंग्रजी माध्यमातले, मित्रांशी बोलणे हिंदी-गुजरातीत. घरी आईवडील अहिराणीत बोलतात आणि हा गुजराती वळणाच्या मराठीत उत्तर देतो. गाडी मात्र फार उत्तम चालवतो. जिप्सी त्याच्याच हाती होती.

तर टपरीवर प्रश्न निघाला आणि आम्ही, भाषेच्या कामात आयुष्य घालवलेले गृहस्थ, तत्परतेने उत्तर दिले: “आडवाट-भ्रमंती.” शब्द सर्वांना आवडला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण उत्साहाच्या भरात आम्ही एक नियमही सुचवला. दिवसभर जो कोणी मराठीत रुळलेला शब्द असताना इंग्रजी, हिंदी वा गुजराती शब्द वापरील त्याने दर शब्दामागे १० रुपये दंड डब्यात टाकावा. ‘टायर’, ‘गिअर’, ‘ब्रेक’ यांना सूट. कारण ते आता मराठीच झाले आहेत. ‘लेफ्ट’, ‘राइट’, ‘स्टॉप’, ‘चालो’ यांना सूट नाही. भाईंना पाहुणे म्हणून माफी. नियम एकमताने मंजूर झाला. आप्पांच्या मुलाने हसून डब्याचे झाकण उघडले आणि पहिल्या दहाची नोट आगाऊच टाकली. बारडोली येईपर्यंत डब्यात १४० रुपये जमले होते, आणि त्यांतले शंभर त्याचे होते.

बारडोली, व्यारा करीत आहव्याला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. व्याऱ्यापर्यंत उसाचे मळे आणि सपाट जमीन; मग रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि सागाचे रान सुरू होते. डांग लागला की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाच्या मनात काही हलल्यावाचून राहत नाही. १९६० सालच्या १ मे रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या भागांतली काही गावेही गेली आणि ठाणे जिल्ह्यातून उंबरगावही गेले. डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, यावर त्याआधी दहा-बारा वर्षे रणे माजली. दोन्ही पक्षांचे विद्वान एकाच माणसाच्या तोंडची दोन वाक्ये घेत. एक जण त्यातला मराठी प्रत्यय दाखवी, दुसरा गुजराती क्रियापद दाखवी. ज्याच्या तोंडची ती वाक्ये होती त्याला स्वतःला काय वाटते, हे विचारणारे थोडे. आम्ही तरुणपणी या वादावर आवेशाने लिहिले आहे. त्या आवेशाची आठवण त्या दिवशी दुपारी आम्हाला फार निराळ्या रीतीने यायची होती.

आहव्यानंतर पूर्वेकडे सीमेच्या दिशेने निघालो. डांबर संपले, मुरूम लागला, मुरूमही संपला. पुढच्या वाटेचे नाव आम्ही मुद्दामच लिहीत नाही. ती वनखात्याच्या हद्दीबाहेरची, दोन वाड्यांना जोडणारी जुनी गाडवाट आहे. तिच्यावरून अजून गुरे जातात आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया जातात. त्यांच्या वाटेवर हौशी गाड्यांची जत्रा भरू नये एवढीच इच्छा. आम्हीही आधी वाडीत जाऊन विचारले होते आणि पावसाळा सोडून या असे उत्तर मिळाले होते.

वाट सुरू होण्यापूर्वी नानांनी सर्वांना खाली उतरवले आणि चाकांची हवा कमी करायला सांगितली. ३०-३२ ची हवा १८-२० वर आणली की चाक थोडे पसरते, दगडाला धरून बसते आणि ठेच सोसते. मग चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढायचा, मंद गतीची जोडणी घ्यायची आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने न्यायची. मोठा दगड आला तर तो दोन चाकांच्या मधोमध घेऊ नये, कारण पोट आपटते. त्याच्यावर चाक चढवावे. उतरताना ब्रेक दाबत बसू नये, इंजिनाच्या ओढीवर गाडी सोडावी. आणि सर्वांत मोठा नियम असा की पुढे एकच माणूस वाट दाखवायला उभा राहील आणि चालक त्याचेच ऐकेल. बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचे. ही सगळी विद्या नानांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही. त्यांचे वडील बैलगाडी हाकीत. “बैल असता तर त्याला हे सांगावं लागलं नसतं,” असे ते म्हणाले.

या वाटेवर आमच्या जिभेला जो आनंद झाला तो सांगितला पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत ज्यांना एकाच शब्दाने ‘रॉक’ म्हणून मोकळे होतात त्यांची आमच्या भाषेत किती नावे! पायाखाली चुरचुरते ती खडी. हातात मावतो तो दगड. ओढ्याने घासून गुळगुळीत केलेला तो गोटा. एकट्याने हलत नाही तो धोंडा. जमिनीतून वर डोके काढून बसलेला, मुळासकट डोंगराचाच असलेला तो खडक. आणि पसरट, उघडा, उन्हाने तापणारा तो कातळ. यांतला भेद केवळ शोभेचा नाही. चालकाला तो प्राणासारखा जपावा लागतो. गोट्यावर चाक घसरते, धोंडा चाकाखालून सरकतो, खडक सरकत नाही पण पोट फाडतो, कातळावर गाडी निर्धास्त चढते. नाना पुढे उभे राहून “गोटे आहेत, सावकाश”, “आता कातळ आहे, ये बिनघोर” असे सांगत आणि प्रत्येक शब्दाबरोबर मुलाचा पाय नेमका तेवढाच दाबला जाई. त्याला हे शब्द कोणी शिकवले असतील? बहुधा कोणीच नाही. घरात आईच्या तोंडी असतील ते कानात राहिले असतील. हा सगळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. त्याला भूगर्भशास्त्र बेसाल्ट म्हणते आणि आमचे शेतकरी काळा पाषाण म्हणतात.

वाटेच्या मध्यावर दगडात घासून झालेल्या दोन समांतर खाचा दिसल्या. पिढ्यान्पिढ्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावा घासून पडलेल्या. आम्ही गाडी थांबवायला सांगून खाली उतरलो. “ही चाकोरी,” आम्ही मुलाला म्हणालो. त्याने हा शब्द शाळेतल्या निबंधाच्या पुस्तकात कुठेतरी वाचला होता. चाकोरी म्हणजे कंटाळवाणे, ठरावीक जीवन, असे तो समजत होता. आज मराठी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचीही तीच समजूत आहे. ‘चाकोरीबाहेरचा विचार’ म्हणताना चाक कोणाच्या डोळ्यांपुढे येते? त्या मुलाने वाकून खाचेत बोटे घातली आणि ती मनगटापर्यंत आत गेली. “काका, मग चाकोरी वाईट कशी? हिच्यात चाक ठेवलं तर गाडी पडणारच नाही,” तो म्हणाला. आम्ही त्यावर काहीतरी पंडिती उत्तर दिले. आज ते आठवतही नाही. त्याचे म्हणणे मात्र लक्षात राहिले.

दुपारी बाराच्या सुमारास शेवटची चढण लागली. तिथे वाट डोंगराच्या कुशीतून तिरपी वर जाते. उजवीकडे कातळाची भिंत, डावीकडे पावसाने खचवलेली मातीची कड आणि तिच्याखाली दोन पुरुष खोल घळ. थार वर गेली. तिच्याबरोबर नाना आणि भाई वर गेले. जिप्सीला वाट दाखवण्याचे काम आम्ही हौसेने मागून घेतले. मुलगा चालकाच्या जागी, आप्पा त्याच्या शेजारी, म्हणजे घळीच्या बाजूला.

आम्ही पाच-सहा हातांवर, गाडीकडे तोंड करून उभे होतो. पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसरीवर पुढचे डावे चाक एका सैल धोंड्यावर आले आणि गाडीचे तोंड कडेकडे फिरू लागले. आम्ही ओरडलो, “उजवीकडे! उजवीकडे घे!” मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्ही पुन्हा ओरडलो. त्याने एक क्षण काहीच केले नाही. मग घाईने सुकाणू फिरवले, आणि ते डावीकडे फिरवले. पाय उचलला गेला. गाडी हातभर मागे सरकली. मागचे डावे चाक कडेच्या मातीवर गेले आणि ढेकळे घळीत पडल्याचा आवाज आला. गाडी डाव्या अंगावर कलली. आप्पांच्या बाजूची खिडकी आता घळीवर होती.

सर्व शांत झाले. मुलाने हातब्रेक ओढून धरला होता. त्याची बोटे पांढरी पडलेली आम्हाला दिसत होती. वरून नाना धावत आले. आम्ही दोघांनी मिळेल तो धोंडा उचलून चाकांमागे लावला. आप्पांना त्यांच्या बाजूने उतरता येत नव्हते आणि आत हलले तर गाडी हलत होती. “तू हलू नको, आप्पा,” एवढेच नाना म्हणाले. आप्पा समोर पाहत बसले होते. त्यांनी डावा हात मुलाच्या मांडीवर ठेवला नव्हता, हे आम्हाला का कोण जाणे, आजही आठवते. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर, मुलाला अडथळा होणार नाही असे, घट्ट धरून ठेवले होते.

आता पुढे काय? आम्ही तोंड उघडायचो आणि ‘उजवीकडे’ हा शब्द पुन्हा ओठांवर यायचा. पण तो शब्द या मुलाच्या हातापर्यंत पोचत नाही हे आता दिसले होते. नेमक्या त्या वेळी वरच्या कातळावरून एक आवाज आला. शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा काठीवर हात ठेवून उभे होते. बहुधा पहिल्यापासूनच ते आम्हाला पाहत असावेत. ते मुलाला म्हणाले, “जेवना हातकडे ले, पोरा. धीरे धीरे. जेवना हातकडे.”

मुलाचे हात त्याच क्षणी उजवीकडे फिरले. पुढचे चाक कातळावर आले, पकडले, गाडीने एक उसासा टाकल्यासारखा केला आणि मागचे चाक कडेवरून आत आले. तीन हात, पाच हात, दहा हात. ती वर सपाटीवर जाऊन उभी राहिली तेव्हा आप्पा आपल्या बाजूचे दार उघडून खाली उतरले, चार पावले चालले आणि एका दगडावर बसले. मुलगा बराच वेळ उतरला नाही.

आम्ही त्याच्याजवळ गेलो. रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता आणि रागही नव्हता. त्यानेच आधी बोलायला सुरुवात केली. “काका, सॉरी. उजवी म्हटलं की मला आधी मनात जमणी करावं लागतं, मग हात फिरतो. घाईत ते उलटं झालं.” थोडे थांबून तो म्हणाला, “त्या बाबांचं लगेच समजलं. जेवणा म्हणजे जमणोच ना? ज्या हातानं जेवतो तो.”

वाचकहो, भाषेचा व्यवसाय करणाऱ्याला अशा वाक्यापुढे मान खाली घालावी लागते. गुजरातीत उजव्या हाताला ‘जमणो हाथ’ म्हणतात आणि ‘जमवुं’ म्हणजे जेवणे. आमच्या खेड्यापाड्यांतले जुने लोक आजही उजव्या हाताला ‘जेवणा हात’ म्हणतात. एकाच कल्पनेवर दोन भाषांनी घडवलेले हे दोन शब्द. त्या मुलाच्या कानात गुजराती ‘जमणो’ होता. म्हाताऱ्या बाबांच्या तोंडी ‘जेवना’ होता. दोहोंमध्ये भाषांतराची पायरी नव्हती, म्हणून हात चुकला नाही. ‘उजवा’ हा आमचा प्रमाण शब्द सुंदर आहे, तोही टिकला पाहिजे. पण त्या क्षणी त्या मुलाचे आणि त्याच्या बापाचे रक्षण केले ते प्रमाण भाषेने नव्हे, आम्ही ज्याला ‘गावंढळ’ म्हणून वहीबाहेर ठेवतो त्या बोलीने.

आणखी एक गोष्ट नानांनी संध्याकाळी सांगितली. ती सांगताना त्यांना अवघड वाटत होते, पण त्यांनी सांगितली हे बरे झाले. गाडी कलली तेव्हा वरून त्यांना ‘राइट’ असे ओरडायचे होते. शब्द तोंडात आला आणि दंडाचा नियम आठवून तो क्षणभर अडला. क्षणभरच. तो क्षण कसा होता हे आम्हाला ठाऊक आहे, कारण त्याच क्षणात माती पडल्याचा आवाज आला होता. गाडी खाली गेली असती तर त्या नियमाचे काय समर्थन आम्ही केले असते?

बाबा कातळावरून खाली आले. “कथा जाई ऱ्हायनात?” त्यांनी विचारले. साल्हेर दिसेल तिथवर, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, मग एवढी बारी ओलांडा की झाले. हा शब्द ऐकताच भाई हसले. गुजरातीत ‘बारी’ म्हणजे खिडकी. डोंगरात खिडकी कुठून आली? पण बागलाणातल्या माणसाला बारी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दोन डोंगरांमधली खिंड ती बारी. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगांना सेलबारी आणि डोलबारी अशी नावे आहेत आणि ताहराबादहून पिंपळनेरला जाताना सेलबारीचा घाट लागतो. दक्षिणेकडे कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचे नावच बारी आहे. संस्कृत ‘द्वार’ प्राकृतात ‘बार’ झाले. त्यातूनच गुजरातीत दाराला ‘बारणुं’ आणि खिडकीला ‘बारी’ शब्द आला. डोंगराच्या दाराला ‘बारी’ म्हणणारे आमचे पूर्वज त्याच घरातले असावेत असे आम्हाला वाटते. भाईंना ही उपपत्ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मग बरोबर आहे. खिडकीतून बघायलाच आलोय आपण.”

बारीच्या तोंडाशी आलो आणि समोर साल्हेर उभा राहिला. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. माथ्यावर परशुरामाचे छोटे देऊळ. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज सुरतेवर दुसऱ्यांदा गेले आणि परतताना याच बागलाणातून आले; पुढे दिंडोरीजवळ त्यांची मोगलांशी झुंज झाली. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मराठ्यांनी मोगली फौजेचा पराभव केला आणि त्या लढाईत सूर्यराव काकडे पडले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले त्यांत साल्हेर आहे. सुरतेहून निघालेला आणि साल्हेरकडे येणारा माणूस आज दोन राज्ये ओलांडतो. तेव्हाच्या घोड्यांना आणि बैलांना बाऱ्या तेवढ्या ठाऊक होत्या.

भाकरी सोडल्या. बाबांनाही बसवले. मुलगा त्यांच्याशेजारी बसला आणि आम्हाला आश्चर्य वाटावे इतक्या सहजपणे त्यांच्याशी बोलू लागला. घरी आईशी ज्या भाषेत तो कधी उत्तर देत नाही तीच ही भाषा होती. बाबा म्हणत ‘शे’, आणि त्याला त्यात ‘छे’ ऐकू येई. बाबा ‘तठे’ म्हणत आणि त्याला आजीचे घर आठवे. कुठे अडला तर तो हिंदी शब्द घाली आणि बाबा तो न थांबता स्वीकारीत. कोणी डबा पुढे करीत नव्हते. आप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले होते. बावीस वर्षांत आपला मुलगा आपल्या बोलीत एवढे सलग बोललेला त्यांनी ऐकला नव्हता. तो बोलत नव्हता याचे एक कारण त्यांनी परतीच्या वाटेवर आम्हाला सांगितले. तो सहा-सात वर्षांचा असताना गावाकडे एका सुशिक्षित नातेवाइकाने त्याच्या मराठीला सर्वांसमोर हसून ‘ही कसली मराठी?’ असे विचारले होते. त्यानंतर तो मराठीत बोलेनासा झाला. तो नातेवाईक आम्ही नव्हतो. पण आम्ही असू शकलो असतो. सकाळीच आम्ही त्याच्यापुढे दंडाचा डबा धरला होता.

या प्रसंगाने आम्हाला आमच्या जुन्या वादाकडे पुन्हा पाहायला लावले. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा, १९०५ सालचा. खानदेशी मात्र त्यात नाही. ती १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबतीला आहे. यावर मराठी अभ्यासक रुष्ट झाले, आम्हीही झालो. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा ‘खानदेशी’ या स्वतंत्र मथळ्याखाली नोंदली गेली तेव्हाही ‘हे मराठीचे तुकडे पाडणे आहे’ असे आम्ही म्हटले. आजही अहिराणीला मराठीच्या घरातलीच आम्ही मानतो. पण घरातली म्हणायची तर तिला ओसरीवर बसवून कसे चालेल? सीमेच्या वादात अहिराणी आणि डांगी आमच्या बाजूच्या साक्षीदार म्हणून आम्ही उभ्या केल्या. खटला संपल्यावर त्यांच्याशी बोललो नाही.

सीमेपलीकडच्या वाचकांना, मग ते सुरतेचे असोत, बेळगाव-बिदरचे असोत वा बऱ्हाणपूरचे, आम्ही आजवर या लेखांतून ‘शुद्ध मराठी बोला’ असे वारंवार सांगत आलो. त्या आग्रहात हेतू वाईट नव्हता. परक्या भाषेच्या राज्यात आपली भाषा टिकवायची तर तिचे एक नीट रूप हाताशी हवे; शाळेत, अर्जात, वर्तमानपत्रात तेच लागते. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते. त्यांतल्या मराठी शाळेत मूल बसले तर त्याला प्रमाण भाषा आलीच पाहिजे. त्या चाकोरीत चाक ठेवले तर गाडी पडत नाही, हे मुलाचे म्हणणे तिथे खरे आहे. पण ज्याच्या वाट्याला ती शाळा आली नाही त्याच्याजवळ घरची बोली एवढीच मराठी उरते. तिला गुजरातीचा वास येतो म्हणून आपण नाक मुरडले की तो तीही टाकतो. मग त्याच्याजवळ ना प्रमाण भाषा, ना बोली. असा तरुण मराठीचा विरोधक नसतो. त्याला फक्त एकदा कोणीतरी हसलेले असते.

संध्याकाळी परतताना जिप्सी पुन्हा त्या मुलानेच चालवली. तसे आप्पांनीच सांगितले. उतारावर नाना पुढे उभे राहिले आणि “जेवण्याकडे”, “डाव्याकडे” असे सांगत गेले. आम्ही मागच्या बाकावर तोंड मिटून बसलो. आहव्यात चाकांत पुन्हा हवा भरली. व्याऱ्याच्या पुढे अंधार पडला. दंडाच्या डब्यात २३० रुपये होते. त्यांचे काय करायचे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मुलाने त्यातून गोडादऱ्यात शिरताना एक दोनशे पानी वही आणि पेन घेतले आणि वही आमच्या हाती दिली. “काका, यात लिहा. बाबांचे शब्द,” तो म्हणाला. उरलेल्या पैशांचा चहा झाला, सकाळच्याच टपरीवर.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आता ‘जेवणा’, ‘बारी’, ‘धाव’, ‘चाकोरी’ हे शब्द आहेत. अक्षर आमचे नाही. आम्ही वही परत त्याच्याकडे दिली आणि लिहायला त्यालाच सांगितले. देवनागरी त्याला हिंदीमुळे येतेच. दुसऱ्या पानावर त्याने आईला विचारून स्वयंपाकघरातले एकतीस शब्द लिहिले आहेत. त्यांतले सहा आम्हालाही ठाऊक नव्हते.

वाचकांना विनंती एवढीच. आपल्या घरात अशी वही नसेल तर या महिन्यात एक आणावी. ती आपण लिहू नये. घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हाती द्यावी आणि सर्वांत वयस्क माणसाच्या शेजारी त्याला बसवावे. शब्द कोणत्या भाषेचा हे ठरवण्याची घाई करू नये. त्याने शब्द चुकीचा लिहिला तर हसू नये.